चौथी पाकळी

उत्पलाच्या घरातलं तांदळाचं मडकं रिकामं होतं. इतकं रिकामं की त्यात तोंड घालून "कूऽ!" केलं तर आतूनही कुणीतरी "कूऽ!" करायचं. उत्पला रोज सकाळी तसं करून बघायची आणि खुदकन हसायची. रडून मडकं भरत नाही, हे तिला फार लहानपणीच कळलं होतं. ती रांगत होती तेव्हाच तिचे बाबा वारले. तेव्हापासून घरात दोघीच होत्या, ती आणि तिची आई.

पण या दोघींजवळ एक तळं होतं बरं का! पांढरझरी गावाच्या टोकाला, हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या खोपटामागे एक इवलंसं, गोलगोल तळं होतं. झऱ्याच्या पाण्यावर जगणारं ते तळं ऐन वैशाखातही आटायचं नाही. त्यात कमळं फुलायची. गुलाबी, दुधी, आणि मनात आलंच तर एखादं निळंनिळं! पानांवर पाण्याचे चिमुकले मोती घरंगळायचे आणि चतुर त्यांच्याशी लपाछपी खेळायचे.

वैशाखी पौर्णिमेला सगळं गाव पांढरेशुभ्र कपडे घालून विहारात जायचं. बुद्धांपुढे ठेवायला प्रत्येक घराला एक ताजं कमळ हवं असायचं. आता, पांढरझरीत कमळ विकायची रीत नव्हती. चंद्र उगवला की लोक तळ्यावर यायचे, एकेक कमळ घ्यायचे आणि उत्पलाच्या आईच्या टोपलीत ओंजळभर तांदूळ टाकायचे. त्या तांदळावर मायलेकींचा सगळा पावसाळा निघायचा. म्हणजे बघा, कमळं फुलली तर चूल पेटणार, नाही तर मडक्यात नुसतं "कूऽ" राहणार.

त्या वर्षी कळ्या टच्च भरल्या होत्या. पौर्णिमेच्या दुपारी आई कमळं गुंडाळायला पळसाची पानं आणायला डोंगरावर गेली.

"फाटकावर लक्ष ठेव गं," ती जाताना म्हणाली.

उत्पलाने लक्ष ठेवलंही. पण तहानेनं घसा कोरडा पडला म्हणून ती घोटभर पाणी प्यायला आत गेली, आणि बाहेर येऊन बघते तर काय! बांबूचं फाटक सताड उघडं. अडसर जमिनीवर. आणि तळ्यात म्हशी! काळ्याभोर, गलेलठ्ठ म्हशी चिखलात मजेत लोळत होत्या, आणि एक तर गुलाबी कळी चघळत डोळे मिटून बसली होती. दूर पायवाटेवरून लाल रिबिनीची एक वेणी उड्या मारत पळत होती.

ती वेणी उत्पलाने कुठेही ओळखली असती. केतकी! तिची जिवाभावाची मैत्रीण. म्हशीही केतकीच्याच घरच्या.

"केतके! थांब!" उत्पला ओरडली. पण केतकीने मागे वळूनही पाहिलं नाही.

उत्पलाने काठी आपटत म्हशी हाकलल्या. पण तोवर तळ्याचा नुसता काला झाला होता. देठ मोडले होते, पानं फाटली होती, कळ्या चिखलात रुतल्या होत्या. उत्पलाच्या पोटातून राग असा उसळला की तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. काठी घेऊन ती केतकीच्या घराकडे धावली आणि चार पावलांवरच थबकली.

आज पौर्णिमा! विहारातले भन्तेजी सांगतात, सगळ्यांचं भलं चिंतावं. मग आजच्या दिवशी चांगल्या मुलीने रागावायचं कसं?

म्हणून तिने काय केलं, ठाऊक आहे? तिने राग गिळला. कडू काढा गिळतात तसा, गटकन! काठी खाली टाकली, हात जोडले आणि कुणी बघत नसतानाही गोड हसली. पण गिळलेला राग काही पचेना. तो पोटात गुरगुरत राहिला. शेवटी ती तळ्याच्या काठावर मटकन बसली आणि हुंदके देऊ लागली.

तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन चिखलात पडलं. आणि काय सांगू! चिखल मोरपंखी झाला, मग सोनेरी, मग चंदेरी. त्यातून एक कळी हळूहळू वर आली, बोटभर देठाची, चारच पाकळ्यांची. आणि कळीच्या टोकावर एक परी बसली होती, करंगळीएवढी! अंगात केशरी परकर, केसांत दवाचे मणी, आणि चतुरासारखे झिरझिरीत पंख, ज्यांत इंद्रधनुष्याचे सगळे रंग लुकलुकत होते.

"रडतेस का गं, सोनुले?" परीने विचारलं. तिचा आवाज घुंगरासारखा किणकिणला.

"मी कुठे रडतेय?" उत्पला डोळे पुसत म्हणाली. "मला राग आलेला नाही."

"मी रागाचं नावही काढलं नव्हतं!" परी फिसकन हसली. "मी मैत्रीपरी. जिथे कुणी कुणाचं भलं चिंततं तिथे मी राहते. सांग, काय हवंय?"

"माझं तळं! परीताई, कमळं परत फुलव ना! चंद्र उगवला की लोक येतील, आणि आमचं मडकं रिकामं आहे."

"फुलतील की. पण माझ्या इच्छांचा नियम असतो," परीने इवलंसं बोट नाचवलं. "या कळीला चार पाकळ्या आहेत. पहिली उमलते आपल्या स्वतःसाठी भलं मागितलं की. दुसरी आपल्या आवडत्या माणसासाठी. तिसरी, ज्याचं नावही माहीत नाही अशा कुणासाठी. आणि चौथी, ज्याच्या नावाने दात कराकरा वाजतात त्याच्यासाठी. चारही उमलल्या की सगळं तळं फुलेल. पण इच्छा खरी हवी, अगदी पोटातली. खोटी मागितलीस तर पाकळी काळी पडेल. आणि सूर्य डोंगराआड गेला की कळी मिटेल ती कायमचीच."

उत्पलाने डोंगराकडे पाहिलं. सूर्य उतरणीला लागला होता. तिने घाईघाईने हात जोडले.

"मला स्वतःला काही नको," ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली.

पाकळी ढिम्म हलली नाही.

"काहीच नको?" परीने गाल फुगवून विचारलं. "पायांत चप्पल नाही, पोटात भात नाही, आणि काहीच नको? अगं, स्वतःवर जिची माया नाही, ती दुसऱ्याला माया देणार कुठून?"

उत्पला लाजली. मग हळूच म्हणाली, "माझे तळपाय फार भाजतात गं. ते थंड होऊ देत. आणि मला जरा... जरा खूश राहू दे."

पहिली पाकळी अलगद उमलली, गुलाबी, पहाटेच्या आभाळाएवढी कोवळी! उत्पलाचे तळपाय गारेगार झाले आणि तिला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या पाकळीला काही वेळच लागला नाही. "माझ्या आईची कंबर दुखायची थांबू दे!" म्हणेपर्यंत ती टप्पकन उमलली. तिकडे डोंगरावर पानं तोडणारी आई एकदम ताठ उभी राहिली आणि हे काय झालं म्हणून स्वतःभोवती गिरकी घेऊन बघू लागली.

तिसऱ्यासाठी उत्पलाने रस्त्याकडे पाहिलं. एक अनोळखी कुल्फीवाला घामाघूम होऊन सायकल ढकलत चालला होता. घंटी वाजवून वाजवून त्याचा हात दुखत होता, पण गिऱ्हाईक काही येत नव्हतं. "त्या दादांची कुल्फी वितळायच्या आत संपू दे," उत्पला मनापासून म्हणाली. लगेच गल्लीगल्लीतून पोरं चिवचिवत धावली! कुल्फीवाला हसत सुटला, आणि तिसरी पाकळी उमलली, दुधासारखी पांढरी.

आता राहिली चौथी. उत्पलाने डोळे मिटले, आणि विहारात म्हणतात तसं एका सुरात, भराभरा म्हणून टाकलं, "केतकी सुखी होवो, केतकीचं मंगल होवो."

चर्र! चौथ्या पाकळीची कड काळी पडली. परीच्या पंखांतला एक रंग विझला.

"पण मी चांगलंच बोलले ना!" उत्पला घाबरून म्हणाली.

"ओठ चांगलं बोलले. पोट काय म्हणतंय?"

"पोट म्हणतंय..." उत्पलाने काळ्या कडेकडे चोरून पाहिलं. "पोट म्हणतंय की केतकी चिखलात पडावी! तोंडावर! आणि तिची रिबीन म्हशीने खावी!" बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "मी वाईट आहे. चांगल्या मुलींना राग येत नाही."

"कुणी सांगितलं तुला?" परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली. "राग सगळ्यांना येतो, बाळा. तो पाहुणा आहे. त्याच्या तोंडावर दार लावलं की तो दार बडवतो, आणि त्याला घराची किल्ली दिली की तो घर मोडतो. तू त्याला नुसतं बघ. श्वास आत घे, बाहेर सोड, आणि सांग, कुठे बसलाय तो?"

उत्पलाने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. "इथे, गळ्यात. गरम आहे. आणि हातांत. मुठी आवळल्यात." तिने आणखी एक श्वास सोडला. "आता गळ्यातून छातीत उतरला. परीताई, तो हलतोय! मघाशी होता तेवढा नाहीये."

"हलणारच. आलेलं काही एका जागी राहत नाही. त्याच्या मागे कुणी उभं आहे का बघ."

उत्पलाने पुन्हा पाहिलं. रागाच्या मागे, आपलं अंग चोरून, एक इवलीशी भीती उभी होती. पावसाळ्यात आम्ही काय खाणार? आणि भीतीच्या मागे तर नुसतं दुःखच होतं. माझी केतकी मला न सांगता पळाली. उत्पलाच्या मुठी आपोआप सुटल्या. आता ती रडली ती मघासारखी नाही, मोकळी रडली. आणि रडून झाल्यावर सगळं कसं शांत शांत वाटलं.

इतकं शांत की तिला काहीतरी ऐकू आलं. तळ्याच्या पलीकडून, सीताफळीच्या झुडपाआडून, मुसमुस आवाज येत होता. कोण जाणे केव्हापासून येत होता! रागाच्या गडबडीत तिला ऐकूच आला नव्हता.

उत्पला पाण्यातून वाट काढत गेली. झुडपाआड केतकी बसली होती, चिखलाने माखलेली. ती मागच्या वाटेने केव्हाच परत आली होती. केसांतली लाल रिबीन सोडून, तिचे बारीक बारीक तुकडे करून, ती मोडलेले देठ काड्यांना बांधत होती. बांधलेले सगळे देठ एका बाजूला झुकून पडले होते. उत्पलाला पाहताच तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सूर्याची कड डोंगराला टेकली होती.

अजून उत्पलाला ठाऊक नव्हतं की फाटक का उघडलं. केतकीने खोडी काढली की चूक केली, तेही ठाऊक नव्हतं. तिला फक्त मैत्रिणीचे थरथरणारे खांदे दिसत होते. आणि तिच्या पोटातून, अगदी खरंखरं, शब्द आले.

"केतके, मला तुझा खूप राग आला होता. अजून थोडासा आहे. पण तुला वाटणारी भीती जाऊ दे. तुझं रडू थांबू दे. तुला हसू येऊ दे."

आणि चौथी पाकळी उमलली! काळी कड झडून गेली आणि ती निळी झाली, निळीनिळी, निरभ्र आभाळासारखी! तिच्यातून लखलखती लाट निघाली आणि तळ्याच्या काठाकाठाने धावत सुटली. चिखल खाली बसला, पाणी काचेसारखं झालं. मोडलेले देठ सरळ झाले, केतकीने बांधलेले तर सगळ्यांत आधी, रिबिनीची फुलपाखरं मिरवत! टप्, टप्, टप्, कमळं उमलू लागली. गुलाबी, दुधी, केशरी, निळी. तळ्याने आजवर पाहिली नव्हती इतकी कमळं!

"आमच्या म्हशीच्या पारडाला तहान लागली होती गं," केतकी हुंदके देत सांगू लागली. "नुसतं त्याला पाणी पाजायला फाटक उघडलं. अडसर लावायला विसरले, आणि सगळा कळपच आत घुसला. मी घाबरले. उत्पले, चुकलं माझं."

"चुकलंच," उत्पला म्हणाली. "पुढच्या वेळी अडसर लाव. आणि पळून जाऊ नकोस. आधी मला हाक मार."

"मारीन," केतकी म्हणाली, आणि त्या चिखलाळ तोंडावर हसू फुटलं.

उत्पला परीकडे धावली. "परीताई, मला परत राग आला तर?"

"येईलच!"

"मग तू परत येशील?"

"मी कशाला हवी? आज राग बघितला कुणी? मी तर नुसती गुडघ्यावर बसले होते." परीने तिच्या नाकाच्या शेंड्यावर चिमुकली पापी घेतली. तिच्या पंखांतले रंग एकामागून एक उजळले, परी प्रकाशाचा एक थेंब झाली, थेंबाचा झोत झाला, आणि तो झोत वर, वर, वर गेला. तेवढ्यात पूर्वेकडून पौर्णिमेचा वाटोळा चंद्र वर आला. सगळं तळं चांदण्याने न्हाऊन निघालं.

मग आलं सगळं गाव! पांढरेशुभ्र कपडे, हातांत पणत्या, तोंडी वंदना. तळं पाहून लोकांनी तोंडात बोटं घातली. आई पानांचा भारा टाकून धावतच आली. ओंजळीमागून ओंजळ पडत गेली, टोपली भरली, दुसरी आणली, तीही भरली. एवढा तांदूळ ठेवायला शेजारून मडकी मागून आणावी लागली. कुल्फीवाले दादाही आले आणि कमळ घेऊन हात जोडून रांगेत उभे राहिले. मिरवणूक विहाराकडे निघाली तेव्हा सगळ्यांत पुढे उत्पला आणि केतकी होत्या, ढोपरापर्यंत चिखल, ओंजळीत निळी कमळं आणि मान अशी ताठ की विचारू नका!

दुसऱ्या दिवशी आईने खीर केली. केतकीने वाटीतली खीर संपवली, आणि चुकून की मुद्दाम, उत्पलाच्या वाटीतही बोट घातलं.

उत्पलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "थांब!" ती म्हणाली. "बोलू नकोस. मला राग आलाय. जरा बघू दे." आणि ती तिथेच मांडी घालून, डोळे मिटून बसली.

केतकीही शेजारी मांडी घालून बसली. एक श्वास झाला. दुसरा झाला.

"गेला का?" केतकीने कुजबुजत विचारलं.

"निघालाय," उत्पला डोळे न उघडता म्हणाली. "चपला घालतोय."

आणि दोघी अशा हसल्या, अशा हसल्या, की खीर सांडली! गोष्ट मात्र आम्ही एक थेंबही न सांडता तुमच्यापर्यंत आणली. गोड लागली तर शेजाऱ्यालाही वाढा.