टाकीवाला सातविणकर

पीठ घरोघरच्या जात्यावर निघायचं आणि पहाट जात्याच्या घरघरीनं उजाडायची, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर सातवीण नावाचं एक गाव होतं. वेशीवर सातविणीचं जुनं झाड होतं, त्यावरूनच गावाला नाव पडलं. त्या गावात केरू टाकीवाला राहायचा. राहायचा म्हणजे काय, चार दिवस घरी आणि बाकीचे वाटेवर. पायाला भिंगरीच होती त्याच्या.

झिजून गुळगुळीत झालेलं जातं दाणा धरत नाही, पीठ जाडंभरडं पडतं. मग छिन्नीनं, म्हणजे टाकीनं, दगडाला पुन्हा टोचे मारावे लागतात. केरूचा धंदा तो. टाकीवाले पुष्कळ होते, पण केरूनं टाकवलेलं जातं वर्षानुवर्षं बोथट होत नसे, असं म्हणतात.

बायको बाळंतपणात गेलेली. एकुलती एक पोर सारजा, ती केरूच्या बहिणीकडे, भागाकडे वाढत होती. बाप घरी आला की ती त्याला चिकटायची. तो दगडावर टाकी मारायचा आणि ती चिमुकल्या हातानं भुकटी झाडायची. घाव पडायच्या आधी हात आत, घाव पडताना हात बाहेर, तेही बापाच्या तोंडाकडे बघत. "बा, माझं पान काढ," असा तिचा हट्ट. मग केरू जात्याच्या खालच्या दगडावर, मधल्या खुंटीभोवती, सातविणीच्या पानासारखी सात पानं कोरायचा. लेकीचा हट्ट म्हणून काढलेलं ते नक्षीकाम हळूहळू त्याच्या हाताची सवयच होऊन बसलं.

एका वर्षी केरू लांब देशावर गेला होता आणि इकडे गावात मरी आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी उचलावा लागे. लोकांनी धीर सोडला आणि वाट फुटेल तिकडे ते पळाले. केरू परत आला तेव्हा दारं सताड उघडी होती, चुलीतली राख वाऱ्यावर उडत होती. वेशीच्या झाडाखाली एक म्हातारा तेवढा बसला होता. तो म्हणाला, "भागा पोरीला घेऊन घाटाखाली उतरली. पुढचं मला ठावं न्हाई."

केरूनं टाकी आणि हातोडी झोळीत टाकली आणि तसाच वळला. घोटभर पाणीही प्यायला नाही, असं म्हणतात.

घाटाखालच्या पहिल्याच गावात त्यानं विचारलं, "सातविणीची माणसं आली का हो इकडं?" झालं! लोकांनी दगड उचलले. मरीचं गाव ते, त्याचं नाव काढायचं नाही, तिथल्या माणसाला विहिरीवर चढू द्यायचं नाही, असं भोवतालच्या सगळ्या गावांनी ठरवून टाकलं होतं. बाजारात त्याला गणू कोष्टी दिसला, त्याचा शेजारी. केरूनं हाक मारली. गणूनं मान फिरवली आणि म्हणाला, "माणूस चुकलात. मी न्हाई तिथला."

 जिवाच्या भीतीनं सगळ्यांनीच गाव गिळून टाकलंय, हे केरूला कळलं. पोर जिवंत असली तरी तिचंही तोंड असंच शिवलेलं असणार. नुसतं विचारत फिरून ती सापडायची नाही. आपणच ओरडून सांगितलं तर मात्र तिच्या कानावर पडेल.

आता एक गंमत बघा. सातविणीत कुणीच सातविणकर नव्हता. गावातल्या गावात गावाचं नाव कोण लावणार? तिथं कुणी केरू, कुणी गणू, कुणी वरच्या आळीतला, कुणी खालच्या. गाव सुटतं तेव्हाच ते नावाला चिकटतं. तर त्या दिवशी केरूनं भर बाजारात पहिल्यांदा आरोळी ठोकली, "टाकीवाला सातविणकर आलाऽऽ! जात्याला टाकी लावाऽऽ!"

मार खाल्ला त्यानं. पाण्यावाचून घसा सुकला, पण आरोळी थांबली नाही. एका गावाहून दुसऱ्या, दुसऱ्याहून तिसऱ्या. टेकला तरी पाय हलतच राहायचे. झोपेत हात टाकी मारल्यासारखे चालायचे. तो एकाच दिवशी नदीच्या दोन्ही काठांच्या बाजारांत दिसायचा, असं म्हणतात. आणि आरोळी ऐकून कुठं ना कुठं एखादं दार किलकिलं व्हायचं. पाणवठ्याआड एखादी बाई दबक्या आवाजात विचारायची, "दादा, मी खालच्या आळीतली. माझी आई जगली का हो?" केरू ठाऊक असेल ते सांगायचा, निरोप घ्यायचा, पुढच्या गावी पोचवायचा. प्रत्येकाला विचारायचा, "माझी सारजा पाहिली का?" भागा वाटेतच गेली, एवढं कुणीतरी सांगितलं. पोरीचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर्षं गेली. केरूची दाढी पांढरी झाली, पाठ वाकली. असाच फिरत तो नदीकाठच्या एका मोठ्या गावात पोचला. एका घराच्या ओट्यावर सासू बसली होती, जिभेची तिखट. आरोळी ऐकून कडाडली, "सातवीण? मरीचं गाव ते! माझ्या भांड्याला शिवू नका." आणि त्याच दमात म्हणाली, "जातं तेवढं टाकवून द्या. भाकरी थापता येत न्हाई मेली."

सुनेनं अंगणात जातं आणलं. केरूनं सवयीनं विचारलं, "बाई, सातविणीचं कुणी हाये का हितं?" सुनेचा चेहरा पडला. "मला न्हाई ठावं ते गाव," ती म्हणाली. केरू कामाला लागला. भुकटी उडू लागली. सून खाली वाकली आणि हातानं भुकटी झाडू लागली. घाव पडायच्या आधी हात आत, घाव पडताना बाहेर. दगडाकडे बघतसुद्धा नव्हती.

"अगं, बोटं ठेचतील!" सासू ओरडली.

केरूची हातोडी हवेतच थांबली. त्यानं मान वर करून पाहिलं. तीच होती. पाठीशी बांधलेलं तान्हं, दाराआड दोन पोरं, दारात सासू. आपण आता एक शब्द बोललो तर हा संसार गावाबाहेर जाईल. जन्मभर ओरडत फिरलेला माणूस त्या अंगणात गप्प बसला. खाली मान घालून त्यानं मधल्या खुंटीभोवती सात पानं कोरली, वरचा दगड चढवला आणि वेशीच्या देवळात रात्र काढायला निघून गेला.

पहाटे सारजा दळायला बसली. जात्याचा आवाज वेगळाच यायला लागला, ओळखीचा. तिनं वरचा दगड उचलला. पिठाखालून सात पानं दिसली. ती तशीच उठली. पिठाचे हात, विस्कटलेले केस, भर गावातून धावत सुटली. केरू वेस ओलांडत होता.

"बा, थांब! मी सातविणीची हाय! सातविणकराची लेक हाय मी!"

शेताकडे निघालेलं गाव जागच्या जागी थबकलं. कुणीतरी वाकून धोंडा उचलला. तेवढ्यात तेल्याची म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, "मी पण तिथलीच." मग एक गुराखी पुढं आला. मग दोघी सख्ख्या जावा, एकमेकींपासूनसुद्धा आपलं गाव लपवून ठेवलेल्या. सगळ्यांत शेवटी धापा टाकत सासू पोचली. सुनेच्या शेजारी उभी राहिली, पदर खोचला आणि धोंडा घेतलेल्या माणसाला म्हणाली, "टाक, टाक. आधी माझ्यावर टाक. मी वरच्या आळीतली. सगळ्यांत जास्त मीच भ्यायले, म्हणून सगळ्यांत जास्त मीच ओरडले."

धोंडा खाली पडला. सासूनं आपल्या हातानं केरूला तांब्याभर पाणी दिलं. तो ते बसून प्यायला आणि लहान पोरासारखा रडला.

ही बातमी त्याच्या आरोळीच्याच वाटेनं गावोगाव गेली. गणू कोष्ट्यानंही बाजारात उभं राहून आपलं गाव सांगितलं. संसार रुजलेले लोक तिथंच राहिले, पण नाव मात्र सातविणकर लावू लागले. म्हणून कुठंही जा, एखादा तरी सातविणकर भेटतोच. काही जण केरूबरोबर परतले. वेशीच्या झाडाला त्यानं हात लावला आणि भर उन्हाळ्यात सातवीण फुलली, असं म्हणतात. कुणीतरी हाक मारली, "सातविणकर!" तो हसला. "हितं कोण सातविणकर? हितं मी केरू." मग तो घरी जाऊन झोपला आणि त्या झोपेत त्याचे हात हलले नाहीत.

आजही सातवीण फुलते तेव्हा ठिकठिकाणचे सातविणकर तिथं येतात. वेशीवर खणखणीत आवाजात आडनाव सांगतात, चपला काढाव्यात तसं ते तिथंच ठेवतात आणि आत जातात. आत कुणी सुमनची नात, कुणी खालच्या आळीतला पांडू. परत निघताना आडनाव उचलून घेतात.

आणि गावात कुणीही अनोळखी माणूस आला, तरी "कुठले तुम्ही?" हा प्रश्न त्याला लगेच विचारत नाहीत. आधी तांब्या पुढं करतात. तो पाणी पिऊन तोंड पुसेपर्यंत सगळे गप्प उभे राहतात.