पलीकडून आलेला भिवा

"म्हणजे मी खोटं बोललो, असं तुम्ही म्हणायचं आणि मी ऐकून घ्यायचं?"

"खोटं बोललास असं कुठं म्हटलं मी? 'मला पोर दिसलं नाही', एवढं तिला सांग म्हणते."

सकाळपासून तिसऱ्यांदा हेच चाललं होतं. मठ सांभाळणाऱ्या तानूआई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि भिवा त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालत होता.

अकरा वर्षं त्यानं या मठात झाडलोट केली, पाणी भरलं. गावात कुणी त्याला विचारलं नाही. मग आषाढात तापानं तो गार पडला, लोकांनी तिरडी बांधली आणि तिरडीवरच हा उठून बसला. तेव्हापासून तो महाराज झाला. लोक पायावर डोकं ठेवायचे आणि विचारायचे, आमचा म्हातारा तिकडं दिसला का हो?

दिसला, म्हणायचा भिवा.

परवा अनसूया आली. तिची सहा वर्षांची बबी आदल्या दिवशी गेली होती. जिथं जीव गेला तिथं रिवाजाप्रमाणे पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला, त्याची खूण सकाळी पिठात उमटते म्हणतात. टोपली उचलली तर पीठ तसंच. पाखराचं पाऊल नाही, मुंगीची रेघसुद्धा नाही. पोर कुठंच पोचली नाही असं तिच्या मनानं घेतलं आणि ती धावत भिवाकडे आली.

भिवानं डोळे मिटले आणि सांगितलं, पलीकडच्या वाळूत उभी आहे, पाणी मागते आहे.

तेव्हापासून अनसूयेनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. लेकीला मिळत नाही ते मी कसं पिऊ, म्हणत होती. घरातले हात जोडून थकले.

तानूआईंचं म्हणणं असं, की शुद्धीवर आला त्या दिवशी भिवानं फक्त पाण्याचा आवाज सांगितला होता. अंधार आणि आवाज. दुसरं काही नाही.

"पुढं दर बाजाराच्या दिवशी तिकडं एक माणूस वाढत गेलं. आता आपल्या गावापेक्षा वस्ती मोठी झाली असेल तिथं."

भिवाच्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज खरा होता, त्यासाठी तो कुणाचीही शपथ घ्यायला तयार होता. पण पोर... आता डोळे मिटले की वाळू दिसायची, पिवळा परकर दिसायचा. आधी दिसलं होतं, की सांगितल्यावर दिसायला लागलं, हे त्याचं त्यालाच कळेना. दोन दिवस घास गिळवत नव्हता, एका जागी बसवत नव्हतं.

तेवढ्यात भावाच्या खांद्याला धरून अनसूया आली. तानूआईंनीच निरोप धाडला होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. खांबाला टेकून ती बसली आणि भिवाकडे बघत राहिली, देवाकडे बघावं तशी.

"महाराज," तानूआई म्हणाल्या, "पुन्हा सांगा हिला. मलाही ऐकू दे."

हा टोमणा भिवाला लागला. त्यानं मान ताठ केली.

"वाळूत पोर उभं होतं. पाणी मागत होतं."

"आणि तो आवाज?"

"येत होता. अगदी जवळ."

"मग दिलंस?"

भिवा पुन्हा येरझाऱ्या घालायला लागला.

"पाणी जवळ होतं. पोर तहानेलं. आणि तू तसाच परत आलास?"

अनसूयेनं मान वर केली. तिची नजर बदलली होती.

"ओंजळभर तरी, महाराज?"

भिवा होता तिथंच खाली बसला.

"मला पोर दिसलं नाही, ताई... कुणीच दिसलं नाही. नुसता आवाज होता."

त्याला वाटलं, सुटलो. पण अनसूया त्याच्यावर चिडली नाही, ती तानूआईंवर उलटली. यानं निदान माझ्या लेकीला उभं राहायला जागा दिली होती, म्हणाली, तुम्ही तीही काढून घेतलीत.

"मग कुठं आहे माझी बबी?"

"मला माहीत नाही."

"मग तुमच्याकडं आहे तरी काय?"

तानूआई उठल्या. घागरीतून तांब्या भरून त्यांनी तिच्यापुढं ठेवला. अनसूयेनं तो हातानं लोटला, पाणी ओट्यावरून खाली ओघळलं. तानूआईंनी तो उचलला, पुन्हा भरला आणि तिच्या शेजारी, त्या ओल्या जमिनीवरच बसल्या.

"पलीकडचं मला काही ठाऊक नाही, अनसूये. पण बबीला सहा वर्षं डोळ्यांनी पाहिलेली तू इथं बसली आहेस. कशी होती ती, सांग मला... आधी घसा ओला कर."