मोगऱ्यावरची गळती

बेलटाकळी गाव आजही आहे, पण लिंबराज महाराज ज्या बेलटाकळीत राहिले ती आता शोधून सापडायची नाही. तेव्हा नदीकाठी झरेश्वर महादेवाचं देऊळ होतं, देवळासमोर दगडी ओटा होता आणि ओट्यावर लिंबाची गर्द सावली होती. महाराज त्या ओट्यावर बसत. अंगाला एक पंचा, शेजारी पाण्याचा डेरा, आणि येईल त्याच्या हातावर गुळाचा खडा. माझी आत्या त्या गावची. उन्हाळा तापला की ती हमखास ही कथा काढायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "मोगऱ्याचा वास आला की माहेर आठवतं रे बाबा!" मग पदरानं डोळे पुसायची. तिच्या तोंडची गोडी माझ्या सांगण्यात कुठून येणार? पण महाराजांचं नाव घेतलंय, तेव्हा निभावून न्यायचं तेही त्यांनीच.

झरेश्वराची सेवा गोजराबाई गुरव करायची. नवरा सटवाजी वारलेला, पोटी मूलबाळ नाही. सटवाजीनं देवळामागे मोगऱ्याची झाडं लावली होती. वैशाखी पौर्णिमेला त्या कळ्यांचा शेला गुंफून पिंडीवर चढवायचा, ही गुरवाच्या घराची पिढीजात सेवा. शेला चुकला तर सेवा मोडली आणि पूजेचा मान दुसऱ्या घरी गेला, असा गावाचा दंडक होता. त्या सेवेतून गोजराबाईला मिळायचं तरी काय? ओंजळभर तांदूळ आणि खोबऱ्याचं शकल! पण धन्याच्या मागे त्याचं म्हणून तिच्याजवळ एवढंच उरलं होतं.

वैशाखात महादेवाला गळती लावतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं पिंडीवर टांगायचं, म्हणजे देवाच्या माथ्यावर थेंब थेंब पाणी पडत राहतं. बेलटाकळीत ते पाणी गोमुखातून बाहेर यायचं आणि सटवाजीनं खणलेल्या सारणीनं थेट मोगऱ्याच्या मुळाशी जायचं. पिंडीवरून उतरलेली फुलं आणि बेलाची पानं एका खड्ड्यात कुजायची, पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचंच खत झाडांना मिळायचं. आत्या म्हणायची, त्या मोगऱ्याचा वास पार वेशीपर्यंत यायचा.

आता आले देशमुख. व्यंकटराव देशमुखांची वाड्यामागे मोठी बाग होती, बागेत बारमाही विहीर, विहिरीवर मोट. माणूस वाईट नव्हता हो, पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ! त्या साली ऐन उन्हाळ्यात ते देवळामागे आले, सारणी पाहिली, खड्डा पाहिला आणि कडाडले, "गोजरे, हे गं काय? शिवनिर्माल्य झाडांना घालतेस? म्हणजे देवाचं उष्टं खाऊन वाढलेली फुलं पुन्हा देवालाच? शास्त्र म्हणून काही आहे का नाही?"

"सरकार, धन्यानं असंच केलं जन्मभर. देवानं कधी नाही म्हटलं नाही."

"देव तुझ्याशी बोलतो वाटतं?" बरोबरची माणसं खो खो हसली. व्यंकटरावांनी तिथल्या तिथे दगड-चिखल लावून सारणी बुजवली आणि गोमुखाचं पाणी दुसरीकडे काढून दिलं. जाताना म्हणाले, "यंदा शेला माझ्या बागेतल्या फुलांचा चढेल. तू आपली झाडलोट कर."

गावात एक जण बोलेल तर शपथ. देशमुखांच्या विहिरीवर सगळ्यांचे घडे भरायचे ना!

नदी आटली होती. देवाच्या गळतीला देशमुखांच्या विहिरीचं पाणी यायचं, पण गोजराबाईला तिथे रोज एकच घागर मिळायची, तीही पिण्यापुरती. ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडीना. मोगऱ्याची पानं मलूल झाली, कडा करपल्या, आलेल्या कळ्या टोकाशी तांबूस पडल्या. बाईचा जीव कासावीस झाला. तिला वाटलं, झाडं उपाशी आहेत. धनगराच्या वाड्यावरून तिनं टोपलीभर ताजी लेंडी आणली आणि भर दुपारी देवळामागे निघाली.

"माय, कुठं निघालीस?" ओट्यावरून महाराजांनी विचारलं.

"झाडांना खाऊ घालते, महाराज. मरायला टेकली बघा."

"ठेव ती टोपली खाली." महाराज उठले आणि तिच्याबरोबर चालत मोगऱ्यापाशी आले. एक पान त्यांनी दोन बोटांत धरलं, तापल्या लेकराचा हात धरावा तसं. मग म्हणाले, "पोर तापानं फणफणलंय आणि तू त्याला लाडू चारतेस होय? अगं, ताजी लेंडी आधीच उष्ण. आत्ता त्याला भूक नाही, तहान आहे. खाणं मग, पावसाच्या तोंडाशी."

गोजराबाई मटकन खाली बसली. "पाणी कुठून आणू, महाराज? शेला चुकला तर धन्याची सेवा गेली. मग मी कुणाची म्हणून जगू?"

अरेरे, काय ते बोलणं! महाराजांच्याही डोळ्यांत पाणी आलं असं आत्या सांगायची. ते म्हणाले, "देवळात गेल्या सालची गळती पडली आहे ना, ती आण. देवाला गार वाटावं म्हणून आपण टांगतो. ह्याला नको का गार वाटायला?"

मग महाराजांनी सांगितलं तसं तिनं केलं. झाडांच्या बुडाशी लिंबाचा वाळका पाला जाड पसरला. चार काठ्या रोवून आपलं जुनं लुगडं वर ताणलं, म्हणजे दुपारचं ऊन अंगावर येऊ नये. ऊन उतरल्यावर काठीच्या तिपाईला जुनं मडकं टांगलं. घागरीतलं पाणी, तिच्या स्वतःच्या पिण्याचं, त्यात ओतलं. महाराजांनी मडक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता आत डोकावायचं नाही. थेंब पडतोय तोवर तुझा धनी पाणी घालतोय असं समज."

टप... टप... थेंब पडू लागला.

त्या सांजेला गोजराबाई तहानलेलीच झोपली. सकाळी येऊन बघते तर थेंब चालूच! तिपाई हलवायची, दुसऱ्या झाडापाशी न्यायची, तिसऱ्यापाशी न्यायची. तिनं त्यात पुन्हा पाणी घातलं नाही आणि आत डोकावलीही नाही. थेंब काही थांबला नाही. पानं सावरली. करपलेल्या फांद्यांच्या बगलेतून हिरवे कोंब आले, आणि कोंबांना कळ्या.

इकडे देशमुखांच्या बागेत काय चाललं होतं? शेला आपलाच चढायचा म्हणून व्यंकटरावांनी मोगऱ्याला ताज्या लेंडीचे ढीग घातले, वर शेंगदाण्याची पेंड घातली, आणि भर दुपारी मोटेचं पाणी सोडलं. झाडं मान टाकू लागली तसं आणखी खत. "खात नाहीत म्हणजे काय? घाला अजून!" माळी बिचारा काय बोलणार? पौर्णिमा उजाडली तेव्हा सगळा ताटवा काळा पडला होता. त्यातून मूठभर कळ्या निघाल्या नसत्या.

तेवढ्यात कोणीतरी वर्दी दिली की गुरवणीचा मोगरा पांढरा शुभ्र फुललाय. झालं! व्यंकटराव तरातरा देवळामागे आले. गोजराबाई परडीत कळ्या खुडत होती, महाराज शेजारी बसले होते, गाव जमलं होतं.

"माझ्या विहिरीचं पाणी चोरून घालतेस, का गं?"

"नाही हो, सरकार. गळतीचं पाणी आहे. एकदाच घातलेलं."

"एकदाच घातलेलं आणि अजून पुरतंय? थांब, तुझं सोंग सगळ्यांना दाखवतो!" त्यांनी मडकं तिपाईवरून ओढलं आणि सगळ्यांदेखत पालथं केलं.

पाण्याचा टिपूस पडला नाही. आतून कोळ्याचं एक वाळकं जाळं निघालं, बस्स. व्यंकटरावांनी आत हात घातला. मडकं ठणठणीत कोरडं, धूळ बोटांना लागली. त्यांनी ते तसंच परत टांगलं आणि छाती काढून गावाकडे वळले, "बघितलंत?"

टप.

टप... टप... कोरड्या मडक्याच्या बुडातून थेंब पडत होता आणि मोगऱ्याच्या मुळाशी जिरत होता. व्यंकटरावांचा चेहरा उतरला. ते महाराजांच्या पायांवर पडायला वाकले, तसे महाराज पाय मागे घेत म्हणाले, "माझ्या कशाला पडतोस? ज्याचं पाणी तोडलंस त्याच्या पड."

आणि व्यंकटराव देशमुख, ज्यांची मान कधी कलेक्टरापुढेही लवली नव्हती, ते मोगऱ्याच्या बुडाशी पाल्यात डोकं टेकवून पडले. वरचा थेंब आता त्यांच्या मानेवर पडत होता.

महाराज हसले. "गार वाटलं का रे, व्यंकटा?"

"वाटलं, महाराज." देशमुख लहान पोरासारखे रडत होते. "मी देवाचं पाणी उष्टं म्हटलं हो!"

"देवाच्या अंगावरून आलेलं मुळात जातं, मुळातून कळीत येतं. हे उष्टं म्हटलंस तर मग नुसतं तूच काय, अवघी सृष्टी उष्टी. ऊठ, सारणी मोकळी कर."

व्यंकटरावांनी स्वतःच्या नखांनी चिखल उकरला. गोमुखाचं पाणी खळकन सारणीत उतरलं, मोगऱ्याशी पोचलं, आणि त्याच क्षणी मडक्याचा थेंब थांबला. गोजराबाईनं मडक्याला हात जोडले. कुणाला जोडले, ते सगळ्या गावाला कळलं.

"महाराज, माझी बाग गेली का हो?" देशमुखांनी हळूच विचारलं.

"मूळ जिवंत असेल तर नाही जायची. खत उपसून काढ, सावली कर, सांजचं पाणी दे आणि गप बस. भूक लागली की झाड आपणहून मागतं."

त्या दिवशी शेला गोजराबाईनंच गुंफला आणि कळ्यांची परडी देशमुखांनी धरली. शेला पिंडीवर चढला, आरती झाली, लोक प्रसाद घेऊन उठले. व्यंकटराव मात्र उंबऱ्याशी डोकं टेकवून तसेच होते. आत्या म्हणायची, त्यानंतर दर वैशाखात विहिरीवर पहिली घागर गुरवाच्या घरची भरायची, आणि सारणीतला गाळ देशमुख स्वतः खाली वाकून काढायचे.