पानाखालचं तळं

“पण बुवा, वर नदीच नाही. मग मी शिकवू कसा?”

निंबाजी सड्यावरून उतरला तो हेच धरून. वर उघडं कातळ न् गवळी धनगरांची अठरा घरं. भानाजीबुवांनी वर्षापूर्वी त्याला तिथं भजन शिकवायला धाडलं होतं. आता त्याला नदीकाठच्या मठीतच राहायचं होतं, बुवांच्या पायाशी, कायमचं.

बुवांनी आधी भाकरी वाढली. वर सायीचा गोळा.

“जेव. मग रड.”

दोन घास पोटात गेल्यावर विचारलं, “काय काय केलंस रे वर?”

“तुम्ही करता तेच. काडीचा फरक नाही. पहाटे गळाभर पाण्यात उभं राहून भजन...”

“कातळावर गळाभर पाणी?”

“कळश्या आणून हौद भरला.”

“माणसं आली?”

“पहाटे ती म्हशींमागं जातात. एक म्हातारी तेवढी हौदात उतरली. तिला पडसं झालं.”

बुवा हसले नाहीत. मिशी मात्र हलली.

काठी घेऊन ते लंगडत मठीमागच्या कारवीच्या झुडपांत शिरले. निंबाजीही मागं लंगडत. त्याचे दोन्ही पाय धड होते हो. पण गुरूची चाल तीच आपली, असं त्यानं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

बुवांनी एक ओलं पान हळूच उलटलं. खाली काचमण्यांसारखी अंडी. एकेका मण्यात मसुरीएवढा बेडूक, चारी पायांनिशी.

“अरेच्चा!” निंबाजी वाकला. “याची शेपटी? नदीतले तर आधी शेपटीनं पोहतात, मग पाय फुटतात.”

“ते नदीतले. हा झुडपातला.”

“पण पोहायला तळं?”

बुवांनी मण्याकडं बोट केलं.

“एवढंसं?”

“त्याला पुरतं.”

...

निंबाजी उकिडवा बसून एकेक मणी निरखू लागला. पानावर थेंब टपटपत होते.

“दुपारी म्हशी सावलीला बसतात, बुवा,” तो हळूच म्हणाला. “तेव्हा माणसं मोकळी असतात.”

“असतात ना?”

“मग... निघू?”

बुवांनी फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

निंबाजी चढणीला लागला. लंगडत, लंगडत.

खालून हाक आली, “निंब्या! नीट चाल की! जांभळाच्या झाडावरून मी पडलो होतो, तू नाही!”