शेवंताराणीने उसवलेला अंगरखा

एका राज्यात राजघराण्यातला माणूस कोणताही कपडा एकदाच घालीत असे. उतरवलेला कपडा कोठीत जाई, कोठीला कुलूप लागे, आणि त्या कपड्याला कात्री लावणाऱ्याचा कडेलोट होई. अशा सात कोठ्या भरल्या होत्या. आठवीसाठी पाठशाळेची जागा पाहून ठेवली होती.

नियमाला अपवाद एकच. पहिला राजा दुर्गसेन याचा किनखापी अंगरखा. प्रत्येक नव्या राजाने राज्याभिषेकाला तो एक घटका अंगावर घालायचा आणि उतरवायचा. एका घटकेपेक्षा अधिक का नाही, हे कुणी विचारले नव्हते. त्या दरबारात प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती.

राजा कीर्तिधर गादीवर बसला, त्या दिवशी राजभाटाने स्तुतीची एकशे आठ कवने रचून आणली. एकाहत्तराव्या कवनाला घटका भरली. भाट थांबला नाही. भाटाला थांबवण्याचीही पद्धत नव्हती. एकशे आठवे कवन संपले आणि अंगरख्याचे बंद आपोआप आवळले.

कीर्तिधराच्या तोंडून दोनशे वर्षांपूर्वीचा आवाज निघाला. "माझा प्रधान कुठे आहे?"

"मीच तो, महाराज," प्रधान म्हणाला.

"तू नव्हेस. माझ्या प्रधानाला कणा होता."

दुर्गसेन परत आला होता. त्याने तिथल्या तिथे शेजारच्या राज्यावर स्वारी फर्मावली. त्या राज्याच्या जागी शंभर वर्षे तळे होते. सेनापती मुजरा करून तळ्याला वेढा घालायला निघाला. मग दुर्गसेनाची नजर राणी शेवंतेवर पडली.

"ही बाई कोण?"

शेवंतेच्या हातातले ओवाळणीचे तबक खाली पडले. सकाळीच हा माणूस तिच्याशी हसून बोलला होता.

राजशिंपी रखमाजी पुढे झाला. प्रधानाने डोळे मिटून कात्रीला परवानगी दिली. कात्री अंगरख्याला लागली आणि मेणासारखी वाकली. मांत्रिक घोरनाथाला आणले. त्याने मंत्र उच्चारला, एक ठिणगी उडाली, आणि घोरनाथ नाहीसा झाला. अंगरख्याच्या बंदाला एक गाठ जास्त आली. प्रधानाने गाठीला नमस्कार केला आणि सभा संपवली.

शेवंता अंतःपुरात येऊन खिडकीशी बसली. खिडकीबाहेर पारिजातकावर एक शिंपी पक्षी दोन पाने शिवून घरटे करीत होता. त्या राज्यात पक्षी बोलत, परंतु कामापुरतेच.

"राणी, तू माहेरी काय करायचीस?" पक्षी म्हणाला.

शेवंता रंगाऱ्याची लेक. घरात पाच बहिणी. "आईच्या लुगड्याचा थोरलीला परकर व्हायचा," ती म्हणाली. "परकराची धाकटीला चोळी, आणि चोळीची बाहुली. शिवत मीच असे."

"आधी कापायचीस?"

"छे. आधी उसवायचे. टाका न् टाका सोडवल्याशिवाय जुन्या कापडाला कात्री लावली तर कापड वाया जाते."

"तुमच्या राजशिंप्याला हे ठाऊक नाही. त्याने जन्मात काही उसवलेले नाही," पक्षी म्हणाला. "अंगरख्याच्या शिवणी तीन. बाह्यांची, घेराची, छातीची. रोज एक उसव. जे निघेल त्याचे त्याच दिवशी नवे काही शिव, आणि सूर्य मावळण्याआधी ते घालून कुणीतरी दरबारात मिरवले पाहिजे. नाहीतर टाके पुन्हा जुळतील. तिसरा सूर्यास्त चुकला, तर तुझा नवरा त्या देहातून कायमचा गेला."

दुर्गसेन जेवणानंतर वामकुक्षी करी. मरणानेही ती सवय सुटली नव्हती. पहिल्या दुपारी शेवंता सुई घेऊन त्याच्या उशाशी बसली. आधी जास्तीची गाठ सोडवली. घोरनाथ तीतून बाहेर पडला आणि जोडे न घालताच पळाला. मग बाह्या उसवल्या. तिन्हीसांजेच्या आत त्यांची चोळी झाली, जरीची किनार दंडावर, पाठीला गोंडे. दासी भिवरा ती घालून दरबारात शिरली.

दरबाराला घाम फुटला. "राजवस्त्र! दासीच्या अंगावर!"

"हिचे डोके उडवा!" दुर्गसेन गरजला आणि स्वतःच तलवारीला हात घालू लागला. हात हलला नाही. तो कीर्तिधराचा झाला होता. दुर्गसेन आपल्या मनगटाकडे बघत राहिला. सेनापतीची बायको मात्र चोळीच्या गोंड्यांकडे बघत होती.

दुसऱ्या दुपारी घेर उसवला. त्याची बंडी झाली, आखूड, तिरक्या गळ्याची, तशी त्या राज्यात कुणी पाहिली नव्हती.

"रखमाजी, ही तुम्ही घाला," शेवंता म्हणाली.

"बाईसाहेब! जुनं कापड? माझ्या अंगाला?"

"उद्या महाराज नसले, तर नवे कपडे कुणासाठी शिवाल?"

रखमाजीने तोंड वाकडे करून बंडी घातली. वाटेत एक आरसा होता. तिथे तो थांबला. मग उजवीकडून पाहिले, डावीकडून पाहिले. दरबारात पोहोचायला त्याला इतका उशीर झाला की सूर्य टेकला होता. दुर्गसेन संतापून सिंहासनावरून उठायला गेला. पाय उठले नाहीत.

तिसऱ्या दुपारी छातीची शिवण अर्धी उसवली आणि दुर्गसेनाचे डोळे उघडले.

"चोर! हिचा कडेलोट करा!"

प्रधान, रखमाजी, शिपाई, लेखनिक धावत आले. शेवंतेने मान वर केली नाही. सूर्य सज्जाच्या खाली आला होता. तिने टाका ओढला, किनखाप छातीवरून सुटून जमिनीवर पडला, आणि सगळ्यांचे पाय जागीच अडकले.

खाली अस्तर नव्हते. जाडेभरडे, विटलेले लुगडे होते. त्याला धोतराचे ठिगळ, त्या ठिगळाला आणखी एक ठिगळ.

"हे तर जुनेर आहे!" रखमाजी किंचाळला.

दोनशे वर्षे उतरलेल्या कपड्याला कात्री लावली म्हणून लोक मेले, आणि तो अंगरखाच कुणीतरी घरात बसून जुन्या कपड्यांतून शिवला होता. दुर्गसेनाने मान खाली घालून छातीकडे पाहिले. त्याचा आवाज पार उतरला.

"हे माझ्या आईचे लुगडे. ठिगळ बापाच्या धोतराचे. गादीवर बसायला माझ्याकडे नवे काही नव्हते. मग राजा झालो. वरून किनखाप चढवला. कुणी उसवून पाहू नये म्हणून कायदा केला. कायद्याने भागेना, म्हणून स्वतःच आत राहिलो."

"उसवू का?" शेवंतेने विचारले.

"हळू उसव. तिचे टाके बारीक असत."

तिने आईचे टाके एकेक करून सोडवले. शेवटच्या टाक्याबरोबर आवाज गेला आणि कीर्तिधराची मान एका बाजूला कलली. सूर्याची कड तेवढी उरली होती. शेवंतेने लुगडे आणि ठिगळे कडेला कड लावून जोडली. सुई बोटात शिरली, पुन्हा शिरली, तिने ती पुसलीसुद्धा नाही. लुगड्याचे काठ दोन्ही टोकांना आले, ठिगळे मधोमध, आणि उपरणे झाले. चौघांनी राजाला उचलून दरबारात नेले आणि गादीवर बसवले. सूर्य बुडता बुडता तिने ते त्याच्या खांद्यावर टाकले.

कीर्तिधराने डोळे उघडले. सारा दरबार कान देऊन उभा होता.

"शेवंता," तो म्हणाला, "बोटांना काय झालं तुझ्या?"

गादीवरून निघालेले राजाचे पहिले वाक्य हुकूम म्हणून टिपून घ्यावे, असा लेखनिकांना दंडक होता. त्यांनी ते टिपले, प्रधानाने शिक्का मारला, आणि राजाच्या दुसऱ्या हुकुमाने तळ्याचा वेढा उठला. कात्रीचा कायदा मोडीत निघाला, सातही कोठ्यांची कुलुपे निघाली आणि घरोघरी लोक उसवायला बसले. पुढे त्या राज्यात जो जो राजा झाला, त्याचा राज्याभिषेकाचा पोशाख घरातल्या जुन्या कपड्यांतून होई. तो अंगावर चढवण्याआधी, हुकुमाप्रमाणे, राजा शिवणाऱ्याचे हात हातात घेई आणि बोटांना काय झाले ते विचारी.