जल्लाद कुणाचा?

दुर्जय राजाला समाधी हवी होती, आणि तीही सूर्यास्ताच्या आत. ती न देऊ शकलेल्या दोन गुरूंचा त्याने जीव घेतला होता. आता डोंगरावरच्या म्हाताऱ्या योगिनीला, नागाईला, दरबारात उभं केलं होतं. तिच्यामागे तलवार उपसून जल्लाद उभा होता.

"योगाची आठ अंगं," राजा म्हणाला. "यमापासून ध्यानापर्यंतची सात मी केव्हाच साधली. तू फक्त आठवं दे, नाहीतर मुंडकं उडवीन."

नागाईने मागे वळून तलवारीकडे पाहिलं.

"महाराज, यमात पहिलीच येते अहिंसा. मग हा जल्लाद कुणाच्या हुकमाने उभा आहे?"

"माझ्याच!" राजा गरजला.

"म्हणजे तुमचं पहिलंच अंग राहिलंय, आठवं मी कुठून देऊ? आणि ते साधलंय म्हणत असाल, तर माझी मान उडवणार कोण?"

आपल्याला पहिलंच अंग येत नाही, हे चारचौघांत कबूल करणं राजाला जमणारं नव्हतं.

"तलवार म्यान कर," तो अखेर जल्लादावर खेकसला.

"आता सुरुवात झाली, महाराज," नागाई म्हणाली आणि बाहेर पडली.