हजेरीची खिंड

आंबेघोळ गावाच्या वर, खिंडीच्या तोंडाशी एक वीरगळ उभा आहे. त्यावर ढाल-तलवार नाही. आ वासून ओरडणारा एक माणूस कोरला आहे, एवढेच. बातमी आली त्या दिवशी गावात मिरच्या वाळत घातल्या होत्या, असे म्हणून तावडे गुरुजी पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगू लागतात.

खिंडीचा पहारेकरी रानू मारला गेला, ही ती बातमी. वर गुरे चारताना सारे पाहिलेल्या भिवा गुराख्याने ती आणली. रानूची बायको सोनाई अंगणात मिरच्या पसरत होती. तिने विचारले, ‘‘पडला तेव्हा काय करत होता?’’

लुटारू निम्मा घाट चढून आले तेव्हा रानू एकटा होता, म्हणे. धोंड्यांमागून पळत तो गावातल्या एकेका गड्याचे नाव पुकारी आणि दर वेळी निराळ्या आवाजात स्वतःच ‘हजर!’ म्हणे. गड्यांची नावे संपली. मग त्याने सासूचे नाव घेतले आणि असा काही आवाज काढला, की लुटारू मागे फिरले. जाता जाता त्यांनी सोडलेला एक बाण मात्र त्याला लागला.

भिवा रडत होता, पण सांगताना आवाजही काढत होता. रानूची ती सासू, बयाक्का, तिथेच होती. ‘‘मेल्या, मी अशी वरडते व्हय रं?’’ ती म्हणाली, आणि पहिले हसू तिलाच फुटले. मग सारे अंगण हसले.

सोनाईने पाटलांकडे नवऱ्यासाठी वीरगळ मागितला.

‘‘पोरी, त्यानं तलवार उपसली असती तर लावला असता,’’ पाटील म्हणाले. ‘‘हे सोंग झालं. लोक हसतील दगडाला.’’

‘‘हसू द्या की. त्या निमित्तानं नाव तर घेतील. आन् त्या सोंगानंच तुमचं घर राखलं न्हवं?’’

पाटलांनी दुसऱ्या दिवशी पाथरवट बोलावला. तेव्हापासून गावात कोणी गेले, की घरचे माणूस वर्षाच्या आत इथे येऊन त्याची एखादी हसवणारी करणी सांगते.

‘‘मेलेल्या माणसावर जोक, गुरुजी?’’ परवा एका पाहुणीने विचारले.

गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवत. ‘‘इंग्रजीत थट्टेला जेस्ट म्हणतात,’’ ते म्हणाले. ‘‘मूळ लॅटिनमधलं. अर्थ, केलेली कामं, पराक्रम. पुढे पराक्रमाची गोष्ट, मग करमणुकीची, शेवटी नुसती थट्टा. तिकडे याला काही शतकं लागली. आमच्याकडे एका दुपारीत आटोपलं.’’

आजही गोष्ट ऐकून लोक हसले, की सांगणारा गेलेल्याचे नाव पुकारतो आणि सगळे मिळून ‘हजर!’ म्हणतात. गुरुजींच्या पत्नी मालतीबाई गेल्या वर्षी गेल्या. भलत्याच लग्नात आहेर देऊन, पोटभर जेवून त्या कशा परतल्या, ती गोष्ट गुरुजींनी निवडून ठेवली आहे. वर्ष भरायला वीस दिवस उरले आहेत. त्यांनी अजून नाव पुकारलेले नाही.